उलट्या पावलांचा मान

माझा दादा, नारायणराव मशालजी, जन्मभर धारच्या बसस्टँडवर ऑटो चालवत होता. सीट फाटलं तर स्वतः शिवायचा, सवारीशी भाड्यावरून भांडायचा नाही, आणि कुणी 'भिया, जरा रुको' म्हटलं की मुकाट थांबून राहायचा. असा गरीब गाय माणूस. वर्षातून एक संध्याकाळ मात्र सगळं गाव त्याच्याकडे बघायचं, आणि ती संध्याकाळ त्याला उलटं चालत काढावी लागायची.

नीट सांगते. दसऱ्याला जामदारांच्या घरची देवी सोनं लुटायला निघते. देवी म्हणजे चांदीचा टाक, तळहाताएवढा. तो तबकात ठेवायचा आणि घरच्या कर्त्या पुरुषानं तबक दोन्ही हातांत धरून चालायचं. त्याच्यापुढे मशाल धरायचा मान आमच्या घराकडे. संस्थान होतं तेव्हा जामदार खजिन्यावरचे अधिकारी आणि आम्ही त्यांचे मशालजी. संस्थान गेलं, खजिना गेला, पण आमच्या हातातली मशाल काही जाईना. त्यात आणखी एक गोम. देवीला आणि धन्याला पाठ दाखवायची नाही. म्हणून मशालजी तोंड त्यांच्याकडे ठेवून मागे मागे जातो, हवेलीच्या दारापासून थेट शमीच्या झाडापर्यंत. मान कसला डोंबलाचा! हे मी लहानपणी एकदा बोलले होते, तर आईनं थोबाड फोडलं होतं.

आता तुम्ही विचाराल, पाठीला डोळे नसताना माणूस चालतो कसा? त्याची सोय केलेली होती. मशालजीची नजर धन्याकडे, म्हणून मशालजीचा रस्ता धन्यानं बघायचा. दगड आला, पायरी आली, गाय आडवी बसली, की तबक धरणाऱ्यानं म्हणायचं, 'सांभाळ.' मग मशालजी पाऊल आवरतो, टाचेनं चाचपतो आणि पुढे, म्हणजे मागे, जातो. बापानं पोराला चालता चालता शिकवायचं हे, त्यांच्याकडे म्हणायला आणि आमच्याकडे ऐकायला.

मी रुक्मिणी, नारायणची धाकटी बहीण. लग्न होऊन देवासला गेले. नवरा लवकर गेला, मग फॅक्टरीत पॅकिंगच्या लाइनीवर उभी राहिले आणि दोन्ही मुली मार्गाला लावल्या. जीभ तिखट आहे माझी, ते सगळे सांगतातच. पण दसऱ्याला मी धारला यायची, आणि दादा शमीपाशी पोचेपर्यंत माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही.

तबक धरायला अण्णा जामदार होते तोवर एक बरं होतं. खोटं कशाला बोलू, त्यांच्या ओटीवर आम्हाला कधी खुर्ची मिळाली नाही. चहा मिळायचा तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप राहायचा वेगळ्या कोनाड्यात. दादाचा मुलगा पीयूष दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला तेव्हा अण्णा म्हणाले, "वा, आता मशाल इंग्रजीत पेटणार!" सगळे हसले. दादाही हसला. माझा जीव नुसता जळला. पण दसऱ्याच्या वाटेवर त्या माणसाची नजर दादाच्या टाचांवरून हलत नसे. रस्त्यात कुणाची चप्पल पडलेली दिसली तरी आवाज यायचा, "सांभाळ, नारायण." डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा म्हातारा हट्टानं दसऱ्याआधी ऑपरेशन करून आला. का, तर नारायणला कोण सांगणार? त्यांचं ते कपाचं मी विसरले नाही आणि हेही विसरले नाही.

अण्णा गेले तेव्हा दादा घळाघळा रडला. मी रडले नाही. मला वेगळीच धाकधूक लागली होती. आता तबक कोण धरणार?

तबक आलं अण्णांच्या नातवाकडे, अजेयकडे. बेंगळुरूला शिकलेला, तिथेच नोकरी केलेला. दसऱ्याला आला तरी गच्चीवर कॅमेरा घेऊन उभा असायचा, रस्त्यावर कधी आजोबांच्या शेजारून चालला नाही. वाईट नव्हे हं, उलट फार गोड. त्या घरात आम्हाला खुर्ची देणारा पहिला माणूस तोच. "बसा ना आत्या," म्हणाला तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय का म्हणून. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, मेधानं, हवेलीचं हेरिटेज हॉटेल केलं. अंगणात कारंजं आलं, कोनाड्यांतून दिवे आले, दिव्यांखाली जुन्या वस्तू मांडल्या. आमचा कान तुटलेला कपही त्यात पाहिला मी. त्याच्याखाली काचेची पट्टी आणि वरून पिवळा उजेड.

आणि हॉटेलचा मॅनेजर कोण? आमचा पीयूष! इंदूरला हॉटेलचा कोर्स करून तिथेच कामाला लागला होता, त्याला अजेयनं बोलावून घेतलं. दादानं सगळ्या ऑटो स्टँडला पेढे वाटले. मलाही आनंद झाला, का नाही होणार? ज्या ओटीखाली बाप चपला काढून उभा राहायचा, तिथे पोरगा कोट घालून, बूट वाजवत, हातात वॉकीटॉकी घेऊन हिंडत होता. त्यानं नव्या कॉलनीत फ्लॅट घेतला, आईबापांना तिथे नेलं. शेजाऱ्यांनी विचारलं, पप्पा काय करतात, तर म्हणाला, "पप्पा भी हेरिटेज में ही हैं." मालनवहिनी मला हे सांगताना पदर तोंडाला लावून हसत होती. मग हसता हसता म्हणाली, "पाहुण्यांसमोर त्यांना 'नारायणजी' म्हणतो हो वन्सं. बापाला." मी काही बोलायच्या आत तिनंच झाकण घातलं, "जाऊ द्या, त्याच्या नोकरीचं आहे ते."

अण्णांच्या माघारी एक दसरा सुतकात गेला. दुसऱ्या वर्षी हॉटेलात पाहुणे भरले होते आणि पालखीसारखा थाट ठरला होता. मी चार दिवस आधीच आले. येऊन बघते तर काय, हवेलीसमोरची सडक सीवरच्या लाइनीसाठी खोदून ठेवलेली. कुठे माती लोटलेली, कुठे नुसती फळी, कुठे तीही नाही. आणि दादा खुर्चीतून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रोवत होता. पीयूषला थट्टा सुचत होती, "पप्पा, ऑटो का शीशा कमर पे बाँध लो, पीछे का सब दिखेगा!" दादा खो खो हसला. मला हसू आलं नाही.

मी दादाला एकटं गाठून विचारलं, "अजेयबाबांना सांभाळ म्हणायचं माहीत आहे का?"

"असणारच."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"सांगायला कशाला लागतं? जामदारांच्या रक्तात आहे ते."

"रक्तात साखर असते दादा, शब्द नसतात. तू सांग त्यांना. एवढंच म्हण की बाबा, खड्डा दिसला तर बोला."

त्यानं दोन्ही कानांना हात लावले. "मी सांगू? धन्याला? मला जपा म्हणून? रुक्मे, काहीतरीच बोलतेस. असलं मागून घेतात का कधी?"

झालं. आमच्या घरात मार खाऊन घेतील, उपाशी झोपतील, पण धन्याला त्याचं काम आठवून देणार नाहीत. ते म्हणे उर्मटपणाचं होतं. मी पीयूषला धरलं. म्हटलं, तू मॅनेजर आहेस, रोज त्यांच्यासमोर बसतोस, तू सांग. "हो आत्या, बोलतो, ब्रीफिंग में बोल दूँगा सर को." दसऱ्याच्या सकाळी विचारलं, सांगितलंस? तर मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "आत्या, पूरा स्टाफ बैठा था, त्यांच्यासमोर कसं बोलणार की मशालवाले मेरे पापा हैं, उनका ध्यान रखना? और पप्पा तो हर साल करते हैं. कुछ नहीं होता."

कुछ नहीं होता! कप्पाळ माझं. दुपारी मी स्वतः हवेलीवर गेले. फाटकावरच्या नव्या गार्डनं मला ओळखलं नाही. मेधा दिसली म्हणून हाक मारली. ती आली, माझे दोन्ही हात हातात घेतले, इतकी गोड हसली. "आत्या, पाहुण्यांना फेटे बांधायचेत हो, आपण नंतर नक्की बोलू हं." आणि गेली. मी त्या फाटकाशी उभी राहिले, आणि मला लख्ख कळलं की आज काहीतरी होणार. मग मी वाट पाठ करत चालले, आणि चौकाच्या वळणावर जिथे सगळ्यात मोठा खड्डा होता, तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले.

दिवेलागणीला ढोल वाजले. दादानं पांढरा अंगरखा घातला होता, वहिनीनं चुण्या घालून दिलेला. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात तेलाची पितळी बुधली. ज्वाळ कमी झाली की तो बुधलीची धार सोडायचा आणि आग भसकन वर यायची. मशालीच्या उजेडात बाकी सगळ्यांना दिसतं, धरणाऱ्यालाच दिसत नाही. तो मागे मागे येत होता, गुडघे वाकवून, टाचेनं चाचपत. त्याच्यासमोर तबक घेतलेला अजेय, डोक्यावर केशरी फेटा. अजेयच्या शेजारी कोटातला पीयूष. मागे इंदूरचे, दिल्लीचे, कुठकुठले पाहुणे, आणि डोक्यावर माशीसारखा घोंघावणारा उडता कॅमेरा.

अजेय वर बघत होता. कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. एकदाही, देवाशपथ सांगते, एकदाही त्याची नजर दादाच्या टाचांकडे गेली नाही.

मी ओरडले. "दादा, थांब! खड्डा आहे!" ढोलात माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत पोचला नाही. पायरीवरून उतरायला बघते तर पुढे माणसांची भिंत. आणि तेव्हा पीयूषनं खड्डा पाहिला. त्यानं पाहिलं ते मी पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. पप्पा म्हणावं तर मागे पाहुणे, नारायणजी म्हणावं तर समोर बाप. तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि दादाची टाच रिकाम्या जागेवर पडली.

तो पाठीवर गेला. जाताना मशाल त्यानं देवीपासून दूर, स्वतःच्या अंगावर ओढून घेतली आणि बुधली हातावर सांडली. ढोल वाजतच होते. मागच्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग आहे. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

खुब्याचं हाड मोडलं, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. इंदूरला नेलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "पाठ नाही ना झाली देवीला?" मी म्हटलं, नाही रे बाबा, नाही झाली. आणि बाहेर जाऊन भिंतीला डोकं लावून रडले. पीयूष बाहेर बाकावर बसला होता. त्याला पाहून बोलावंसंच वाटेना, इतका तो लहान दिसत होता.

अजेय भेटायला आला. खरंच रडला, ढोंग नव्हतं ते. "काका, मला माहीतच नव्हतं." दादा म्हणाला, "तुमची काही चूक नाही बाबा, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही." मग मीच सांगितलं, अगदी फोड करून. तबक धरणाऱ्याची नजर कुठे हवी, सांभाळ कधी म्हणायचं, अण्णा कसं म्हणायचे. तो ऐकत राहिला. डोळे पुसले आणि म्हणाला, "किती सुंदर आहे हे, आत्या. माझे डोळे म्हणजे तुमचे डोळे. किती सुंदर!" माझा भाऊ समोर मोडून पडला होता आणि ह्याला सुंदर दिसत होतं. त्याच क्षणी मला पुन्हा तीच भीती वाटली.

आणि ती खोटी ठरली नाही. पुढच्या गणपतींच्या सुमाराला पीयूषचा फोन आला. दसऱ्याला मशाल तो धरणार होता.

मी मिळेल ती बस धरून धारला आले. "अरे, नाही म्हण! तुझ्या बापाची दशा बघितलीस ना? कोट घालतोस, मॅनेजर आहेस, नाही म्हणता येत नाही तुला?"

तो दारात उभा होता, बुटांची लेस बांधत. "कसं म्हणू आत्या? सर बोले, त्याच घराण्यातला माणूस पाहिजे, यही तो असली बात है. दुसरं हॉटेल काढतायत मांडूला. ते माझ्याकडे देणार आहेत." मग मान वर न करता हळूच म्हणाला, "सर म्हणणार आहेत सांभाळ. त्यांनी प्रॉमिस केलंय."

दादा मात्र पलंगावर फुलून आला होता. त्याची ऑटो कधीच विकली गेली होती, कुबड्यांशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, पण पोरगा मशाल धरणार म्हटल्यावर तोंडावर तेज आलं होतं. रोज संध्याकाळी तो पीयूषकडून सराव करून घ्यायचा. हॉलमध्ये टीपॉय, स्टूल, बादली मांडून ठेवायची, पीयूषनं हातात लाटणं धरून मागे मागे यायचं आणि दादानं पलंगावरून म्हणायचं, "सांभाळ." खिडकीतून बघून शेजारी म्हणाले, साहेब आजकाल फिटनेस करतायत. मालनवहिनी स्वयंपाकघरातून बाहेर यायचीच नाही.

दसऱ्याच्या दिवशी दादा मला म्हणाला, "रुक्मे, मी तर येऊ शकत नाही. तू जा. अजेयबाबा म्हणतात का, तेवढं बघून ये."

सुरुवातीला म्हणाला, खोटं नाही बोलणार. चांगलं खणखणीत म्हणाला. कॉलरला बारीक माइक लावलेला होता, त्यामुळे सगळ्या रस्त्याला ऐकू जात होतं. "सांभाळ, पीयूष!" की पाहुण्यांच्या टाळ्या. पाहुण्यांना आधी सगळं समजावून ठेवलेलं होतं. दगड नसला तरी म्हणत होता, टाळ्या पडत होत्या म्हणून. मी गर्दीच्या कडेनं चालत होते. पीयूषच्या अंगात बापाचाच अंगरखा होता, बाहीचा जळका भाग कापून नवं कापड लावलेला. घामानं चेहरा निथळत होता. तो देवीकडे बघत नव्हता की अजेयच्या डोळ्यांकडे बघत नव्हता. तो अजेयच्या तोंडाकडे बघत होता.

चौकाचं वळण आलं. खड्डा बुजवला होता, पण तिथेच सीवरच्या चेंबरचं झाकण एका बाजूनं खचलं होतं. एका पाहुणीनं अजेयला हाक मारली, फोन वर धरला. अजेयनं मान वळवली. हसला. दुसरी आली, तिच्याकडेही बघून हसला. पीयूष मागे येत होता, डोळे त्या हसणाऱ्या तोंडावर, कधी शब्द येतो त्याची वाट बघत. शब्द येत नव्हता आणि त्याला थांबता येत नव्हतं.

मी माणसं ढकलली. कोण काय म्हणेल, देवीपुढे बाई आलेली चालते की नाही, काही सुचलं नाही. सरळ त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि फॅक्टरीतल्या मशीनच्या खडखडाटात ओरडायचे तशी ओरडले, "सांभाळ!"

पीयूषचं पाऊल हवेतच थांबलं.

"डावीकडे ये. हां. आता सरळ."

मागे बघायची परवानगी नाही, म्हणून त्यानं बघितलं नाही. पण त्याची टाच मी सांगितल्या जागीच येऊन पडली. सगळे मोबाइल माझ्याकडे वळले. वरची ती माशीही माझ्या डोक्यावर येऊन घोंघावू लागली. अजेयनं मला पाहिलं, त्याचा चेहरा एकदम सैल झाला, ओझं उतरल्यासारखा. त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली आणि सांभाळ म्हणायचं सोडून दिलं. शमीच्या झाडापर्यंत मीच म्हणत गेले. घसा बसला, पण एक खड्डा सोडला नाही.

सोनं लुटून झालं तसा अजेय जवळ आला, माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, वाकून नमस्कारसुद्धा केला. "आत्या, काय आवाज आहे तुमचा! अंगावर काटा आला सगळ्यांच्या. पुढच्या वर्षी नक्की यायचं हं. मेधा, आत्यांसाठी छानशी नऊवारी बघून ठेव. पीयूष, लक्षात ठेव."

"येस सर," पीयूष म्हणाला. मशाल अजून त्याच्या हातात होती.

मला बोलायचं होतं. नाही म्हणायचं होतं, चांगलं चार शब्दांत. जन्मभर जीभ चालवली मी. पण मी नाही आले तर पुढच्या वर्षी त्या वळणावर कोण म्हणणार, एवढंच डोक्यात आलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "बरं."

घरी आले तर दादा दाराकडे डोळे लावून बसला होता. "म्हणाले का गं अजेयबाबा?"

मी आपट्याची पानं त्याच्या भाजलेल्या हातात ठेवली. "ते कामही आता आपल्याच घराकडे आलंय, दादा."

तो तोंडभर हसला.

"म्हणजे मान वाढला की गं."